दोन वर्षांपूर्वीचा एमआरआय नॉर्मल होता, मग ग्रेड ४ ची गाठ आली कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांचं वय ६१. तीन आठवडे त्यांना बोलताना नेमके शब्द आठवेनात, मग एके दिवशी फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या टेम्पोरल (कानशिलाकडच्या) भागात साधारण ४ सेंटिमीटरची गाठ दिसली. ऑपरेशन झालं, सर्जन म्हणाले की दिसत होती तेवढी सगळी काढली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर ‘ग्लिओब्लास्टोमा, आयडीएच-वाइल्डटाइप, ग्रेड ४’ असं आलं, म्हणजे मेंदूतच सुरू होणारा एक आक्रमक कॅन्सर. आणि दोन वर्षांपूर्वी चक्कर येत होती म्हणून केलेला एमआरआय मात्र नॉर्मल होता. तुम्ही विचारताय की एकदम चौथा ग्रेड कसा झाला, डॉक्टर स्टेज का सांगत नाहीत, सगळी गाठ काढली तर रेडिएशन कशाला, आणि हे मोबाइलमुळे किंवा घराण्यातून आलं का.

या सगळ्याखाली असलेला खरा प्रश्न तुम्ही मधेच एका ओळीत लिहून पुढे गेलात: ‘आमच्याकडून उशीर झाला का?’ म्हणून आधी तोच घेते, कारण त्याचं उत्तर आकड्यांनी देता येतं.

४ सेंटिमीटर व्यासाची गोल गाठ म्हणजे साधारण ३३ घन सेंटिमीटर, म्हणजेच ३३,००० घन मिलिमीटरच्या थोडी वर. ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांचे ऑपरेशनआधीचे दोन स्कॅन शेजारी ठेवून वाढ मोजली गेली आहे. त्यात गाठ दुप्पट व्हायला लागणारा मधला काळ सुमारे ५० दिवस निघाला. आता उलटं मोजत जा. ५० दिवसांपूर्वी १६ घन सेंटिमीटर, १०० दिवसांपूर्वी ८, सहा महिन्यांपूर्वी अडीच-तीन. अशा १५ पायऱ्या मागे गेलं की ७५० दिवस होतात, म्हणजे दोन वर्षांहून थोडे जास्त, आणि गाठ उरते सुमारे १ घन मिलिमीटर. नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूचे ४-५ मिलिमीटर जाडीचे काप घेतात. त्यात एवढासा ठिपका दिसत नाही, कोणालाच दिसला नसता. प्रत्यक्षात वाढीचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा नसतो. गाठ लहान असताना ती याहून झपाट्याने वाढते आणि मोठी झाली की थोडी मंदावते. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ती याहूनही लहान असण्याची शक्यता जास्त. ते चक्कर येणं या गाठीमुळे नव्हतं आणि तो स्कॅन चुकीचा वाचला गेला असं मानायला काही कारण दिसत नाही.

तीन आठवड्यांचं काय? शब्द न आठवण्याच्या पहिल्या दिवशीच तुम्ही धावत गेला असता तर गाठ थोडी लहान मिळाली असती, पण ग्रेड तोच असता, नाव तेच असतं आणि उपचारही तेच झाले असते. हे मी तुमचं मन राखायला लिहीत नाही. गाठ ३ सेंटिमीटरची असताना सापडली काय आणि ४ ची असताना सापडली काय, तिच्या पेशी तोवर आजूबाजूला पसरलेल्या असतात. हा मुद्दा पुढे सविस्तर येतो.

आता गाठ सुरू कशी होते ते. मेंदूत विचार, हालचाल, आठवण सांभाळणाऱ्या चेतापेशी असतात. त्या मोठ्या माणसात जवळजवळ विभाजित होत नाहीत, म्हणून त्यांच्यापासून कॅन्सर क्वचितच होतो. त्यांच्या सोबतीला ग्लायल पेशी असतात: आधार देणाऱ्या, चेतातंतूंवर वेष्टण घालणाऱ्या, पोकळ्यांचं अस्तर बनवणाऱ्या. या कुळातल्या पेशी आणि त्यांना जन्म देणाऱ्या मूळ पेशी विभाजित होऊ शकतात, आणि ग्लिओमा तिथूनच निघतो. ग्लिओब्लास्टोमा हा त्यातला सर्वांत आक्रमक. मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्यांलगत मूळ पेशींचा एक पातळ थर असतो. २०१८ साली कोरियातल्या एका गटाने गाठीपासून दूर असलेला हा थर तपासला तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठीतलेच काही बदल तिथल्या मोजक्या पेशींत आधीपासून आढळले. म्हणजे बिघाड एका ठिकाणी सुरू होतो आणि गाठ दुसरीकडे उभी राहते, असंही होतं.

बिघाड म्हणजे नक्की काय, तर डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका. बहुतेक चुका पेशी दुरुस्त करते, नाहीतर ती स्वतःच मरून जाते. क्वचित एखादी टिकते. आयडीएच-वाइल्डटाइप ग्लिओब्लास्टोमात फार लवकर दिसणारे बदल गुणसूत्रांच्या पातळीवरचे असतात. सातव्या गुणसूत्राची एक प्रत वाढते, दहाव्याची एक जाते, नवव्याचा एक तुकडा गळतो. सातव्यावर ईजीएफआर हे जनुक आहे, ते पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देतं. दहाव्यावर पीटेन आणि नवव्यावर सीडीकेएन२ए आहेत, हे दोन्ही ब्रेक. वाढीचा हुकूम वाढलेला आणि ब्रेक अर्धे, अशी ती पेशी होते. तरीही तिला अमर्याद विभाजन करता येत नाही, कारण प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात आणि ठरावीक झीज झाली की पेशी थांबते. ही झीज भरून काढणारं टर्ट नावाचं जनुक मोठ्या माणसाच्या बहुतेक पेशींत बंद असतं. त्याच्या स्विचवर एका अक्षराचा बदल झाला की ते चालू होतं, आणि मग थांबायचं कारणच उरत नाही. २०१९ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी गाठींमधल्या बदलांची मोजदाद करून अंदाज बांधला की पहिला बदल निदानाच्या २ ते ७ वर्षं आधी झालेला असतो आणि बराच काळ त्या पेशींत जन्म आणि मृत्यू जवळजवळ बरोबरीत चालतात. क्रम प्रत्येक रुग्णात अगदी असाच नसतो, पण चित्र हेच: वर्षानुवर्षं काहीच घडत नाहीसं वाटतं आणि शेवटच्या काही महिन्यांत सगळं आकाराला येतं.

लक्षणं एकदम येण्यामागे आणखी एक साधं कारण आहे. कवटी ताणत नाही. आत मेंदू सुमारे १४०० मिलिलिटर, रक्त १५० आणि पाण्यासारखा द्रव १५० च्या आसपास. गाठ वाढू लागली की द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांमधलं रक्त थोडं कमी होतं, आणि दाब जवळपास तोच राहतो. ही सोय संपली की पुढच्या थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो. सकाळी वाढणारी डोकेदुखी, उलटी, सुस्ती तेव्हा दिसते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत गाठ भाषेच्या भागाजवळ होती, म्हणून दाब वाढण्याआधीच शब्द अडायला लागले. हीच गाठ उजव्या कपाळामागे असती तर कदाचित आणखी काही आठवडे कळलंही नसतं.

आता रिपोर्टवरच्या शब्दांकडे येऊ, कारण गैरसमज इथेच होतात. ‘वाइल्डटाइप’ वाचून अनेकजण घाबरतात की गाठ रानटी आहे. त्या शब्दाचा अर्थ उलटा आणि साधा आहे: आयडीएच हे जनुक मूळ स्थितीत आहे, त्यात बदल झालेला नाही. ज्या गाठींत ते बदललेलं असतं त्यांचा प्रवास वेगळा असतो. त्या साधारण तरुण वयात येतात, दुसऱ्या ग्रेडला वर्षाला सुमारे ४ मिलिमीटर या बेताने वाढतात, आणि काही वर्षांनी वरच्या ग्रेडला जातात. या फरकाला इतकं वजन आहे की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात आयडीएच बदललेली गाठ चौथ्या ग्रेडची असली तरी तिला ग्लिओब्लास्टोमा म्हणत नाहीत, ॲस्ट्रोसायटोमा म्हणतात. तुमच्या वडिलांची गाठ पहिल्या-दुसऱ्या ग्रेडचं दार ओलांडत चौथ्यापर्यंत आलेली नाही. या प्रकारात ती पहिल्यांदा दिसते तीच चौथ्या ग्रेडची म्हणून. त्यामुळे ‘आधीच्या ग्रेडला सापडली असती तर’ हा विचार इथे लागू होत नाही.

स्टेज न सांगण्याचं कारणही यातच आहे. स्टेज म्हणजे कॅन्सर शरीरात किती दूर गेला याचं माप. मेंदूतून निघालेले कॅन्सर मेंदू आणि मज्जारज्जूबाहेर फार क्वचित जातात, म्हणून ते माप इथे निरुपयोगी. ग्रेड सांगतो की पेशी किती आक्रमक वागतील. ग्रेड ४ म्हणजे ‘शेवटची स्टेज’ नव्हे, या दोन गोष्टींची घरात आणि नातेवाइकांत गल्लत होऊ देऊ नका. (फुफ्फुस, स्तन किंवा त्वचेचा कॅन्सर मेंदूत पसरतो ती गोष्ट पूर्ण वेगळी. मोठ्या माणसांत ते प्रमाण मेंदूतल्या मूळ कॅन्सरपेक्षा जास्त आहे, पण तो त्या-त्या अवयवाचाच कॅन्सर असतो आणि उपचारही त्यानुसार ठरतात.)

ग्रेड ठरतो कसा? मायक्रोस्कोपखाली अशी स्लाइड बघताना मी दोन गोष्टी शोधते. एक म्हणजे मेलेल्या भागाचं बेट. मध्ये फिकट गुलाबी, निर्जीव पट्टा आणि त्याच्या कडेने गडद निळ्या केंद्रकांच्या पेशी दाटीने उभ्या, कुंपणाच्या खांबांसारख्या. तिथे रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि जिवंत पेशी प्राणवायू शोधत त्या भागापासून बाहेर सरकत असतात. दुसरी गोष्ट रक्तवाहिन्यांचे झुपके. उपाशी पेशी व्हीईजीएफ नावाचं द्रव्य सोडतात, त्याने नव्या वाहिन्या फुटतात, पण घाईघाईने, अनेक थरांच्या, वेड्यावाकड्या. ॲस्ट्रोसाइट (ताऱ्याच्या आकाराच्या ग्लायल पेशी) प्रकारच्या, आयडीएच न बदललेल्या, मेंदूत पसरत जाणाऱ्या गाठीत या दोन्हींपैकी एक दिसलं तरी ग्लिओब्लास्टोमाचं निदान होतं. दोन्ही दिसलं नाही, तरी ईजीएफआरच्या भरमसाट प्रती, टर्टचा बदल किंवा सातव्या-दहाव्या गुणसूत्रांची ती जोडी, यांपैकी एक सापडलं की तेच नाव देतात.

त्या नव्या वाहिन्या गळक्या असतात आणि एमआरआयचं अर्धं कोडं तिथेच सुटतं. निरोगी मेंदूत रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की कॉन्ट्रास्टचं औषध बाहेर येत नाही. गाठीत ते झिरपतं, म्हणून पांढरी, जाड, वेडीवाकडी कडी दिसते आणि मध्ये मेलेला काळा भाग. त्याच गळतीतून पाणी आजूबाजूला पसरतं, ती सूज. ऑपरेशनआधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यावर वडिलांचं बोलणं दोन दिवसांत सुधारलं असं तुम्ही लिहिलंय. ते सूज उतरल्याने. गाठ तेवढीच होती. ही गोळी कधीही मनाने बंद करू नका, हळूहळूच कमी करायची असते. लांबल्यास साखर वाढते आणि मांड्यांचे स्नायू अशक्त होतात, खुर्चीतून उठायला त्रास होऊ लागला तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, सगळी काढली तरी रेडिएशन का. पांढरी कडी दिसते ती जिथे वाहिन्या गळक्या आहेत तिथे. त्या कडीच्या पलीकडे एकेकट्या पेशी निरोगी मेंदूत घुसलेल्या असतात, तिथल्या वाहिन्या शाबूत असतात, म्हणून कॉन्ट्रास्ट तिथे पोचत नाही आणि स्कॅन त्यांना दाखवूच शकत नाही. या पेशी चेतातंतूंच्या जुड्यांमधून आणि वाहिन्यांच्या कडेकडेने सरकतात, दोन्ही गोलार्ध जोडणाऱ्या जाड पट्ट्यातून पलीकडेही जातात. लांब, बारीक धाग्यांनी त्या एकमेकींना जोडलेल्या राहतात. २०१९ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की निरोगी चेतापेशी या पेशींशी प्रत्यक्ष जोडण्या करतात आणि त्यातून येणाऱ्या विद्युत संदेशांवर गाठ पोसली जाते. शेतातली हरळी वरून उपटली तरी मुळं मातीत राहतात, तसा हा प्रकार.

मग जास्त का कापत नाहीत? हे करून झालेलं आहे. १९२८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांचा मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढल्याचं प्रसिद्ध केलं. तरीही गाठ परत आली. तेव्हापासून विचार असा: दिसणारी गाठ जितकी सुरक्षितपणे काढता येईल तितकी काढायची, कारण त्याने फायदा होतो, पण बोलणं किंवा हातपाय गमावून नव्हे. आणि न दिसणाऱ्या पेशींसाठी रेडिएशन आणि औषध. गाठ परत येते तेव्हा बहुतेक वेळा मूळ जागेपासून २ सेंटिमीटरच्या आत येते, म्हणून रेडिएशनच्या आखणीत गाठीच्या जागेभोवती दीड ते दोन सेंटिमीटरची पट्टी घेतात. तुमच्या सर्जननी दिलेला शब्द खरा आहे, फक्त ‘दिसत होती तेवढी’ या तीन शब्दांवर त्यातला सगळा भार आहे.

नेहमीचा आराखडा असा असतो: ऑपरेशननंतर साधारण ३ ते ६ आठवड्यांनी सुरुवात, ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) रेडिएशन ३० भागांत, आठवड्याचे ५ दिवस, ६ आठवडे. सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाच्या गोळ्या रोज, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी. पुढे २८ दिवसांच्या फेऱ्यांत दर वेळी ५ दिवस, चौरस मीटरला १५० ते २०० मिलिग्रॅमने, साधारण ६ फेऱ्या. दर आठवड्याला रक्ततपासणी, कारण प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घसरू शकतात. वय बरंच जास्त असेल किंवा प्रकृती खालावलेली असेल तर १५ भागांत ४० ग्रे असा लहान कोर्स देतात. ६१ वर्षांच्या, स्वतःची कामं स्वतः करणाऱ्या माणसाला साधारणपणे पूर्ण कोर्सच सुचवला जातो.

रिपोर्टमध्ये एमजीएमटीची ओळ नसेल तर ती मागून घ्या. टेमोझोलोमाइड पेशीच्या डीएनएवर छोटे डाग पाडतं, आणि एमजीएमटी हे प्रथिन ते डाग पुसतं. गाठीत या जनुकाचा स्विच ‘मिथायलेटेड’ म्हणजे बंद असेल तर डाग पुसले जात नाहीत आणि औषध अधिक चालतं. आयडीएचसाठी मात्र धावपळ नको. नेहमीची रंगचाचणी ग्लिओमातले सुमारे ९० टक्के आयडीएच बदल पकडते, आणि ५५ च्या पुढच्या वयात, स्लाइड अशी ठळक असताना, तेवढं पुरतं.

पुढचा परिच्छेद आकड्यांचा आहे. नको असेल तर सोडून द्या.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचणीतून हा उपचार रूढ झाला, तिच्यात नुसत्या रेडिएशनने मध्यम आयुर्मान १२.१ महिने होतं, टेमोझोलोमाइड जोडल्यावर १४.६. दोन वर्षांनी हयात असणारे १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. एमजीएमटी बंद असलेल्यांत हे प्रमाण याहून चांगलं होतं. मध्यम म्हणजे निम्मे त्याच्या पुढे गेले. वय, ऑपरेशननंतरची प्रकृती, गाठ किती निघाली आणि एमजीएमटी या चार गोष्टी ठरवतात की वडील कोणत्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. स्लाइड आणि स्कॅन न बघता मी याहून पुढे काही सांगणं बरोबर होणार नाही. तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना या चार गोष्टींवर सरळ विचारा.

कारणांबद्दल थोडक्यात. ठामपणे सिद्ध झालेलं बाहेरचं कारण एकच, डोक्याला मिळालेलं आयनकारी (डीएनए तोडू शकणारं) रेडिएशन, तेही बहुधा लहानपणी दुसऱ्या आजारावर दिलेलं. मोबाइलच्या लहरी डीएनए तोडण्याइतक्या ताकदीच्या नसतात. २०११ साली त्यांना ‘कदाचित कारणीभूत’ या यादीत टाकलं होतं, पण मोबाइल घरोघरी पोचल्यावर अशा गाठींचं प्रमाण त्या प्रमाणात वाढलं नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या मोठ्या आढाव्यातही संबंध आढळला नाही. घराण्यातून येणारे प्रकार साधारण ५ टक्के. ग्लिओब्लास्टोमा मुळात वर्षाला लाखात सुमारे ३ जणांना होतो. तुम्हा भावंडांचा धोका थोडा जास्त धरला तरी तो फार कमीच, त्यासाठी एमआरआय करत बसू नका. घरात अनेकांना कमी वयात वेगवेगळे कॅन्सर झाले असतील तर मात्र जनुक-सल्लागाराला भेटा.

एक शेवटची गोष्ट, जी आधी माहीत नसली तर घरच्यांची झोप उडते. ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत केलेला एमआरआय जपून ठेवा, पुढच्या सगळ्या तुलना त्याच्याशी आणि रेडिएशननंतरच्या पहिल्या स्कॅनशी होतील. रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत काही रुग्णांच्या स्कॅनमध्ये पांढरा भाग मोठा झालेला दिसतो. कधी ती खरी वाढ असते, कधी उपचाराने फुटलेल्या वाहिन्यांची गळती, आणि दुसरा प्रकार एमजीएमटी बंद असलेल्यांत अधिक दिसतो. एका स्कॅनवरून हा फरक बहुतेक वेळा करता येत नाही. प्रकृती स्थिर असेल तर डॉक्टर गोळ्या चालू ठेवून ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करायला सांगतील. तसं सांगितलं तर त्याचा अर्थ त्यांनी हात टेकले असा घेऊ नका, आणि त्या काळात वडिलांचं बोलणं, चालणं, जागेपण यांची रोज दोन ओळींत नोंद ठेवा. पुढच्या भेटीत स्कॅनइतकीच ती वही लागते.